खरे बोलणारा स्पीकर : गिटारच्या प्रोसेसरसाठी बॉक्स कसा निवडावा

(काकती येथे गणेशोत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या सभेत सांस्कृतिक समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही काका-काकूंनी आम्हाला आधीच विचारले, "आरती, भजन, देखावा सोडून हे स्पीकरचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. वर्गणी घरोघर फिरून जमते, आणि तिच्यातला रुपया कुठे जातो हे विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. म्हणून समितीने काय पाहिले, काय समजून घेतले आणि आमची शिफारस काय आहे, ते आज सविस्तर मांडतो.

मागणी मुलांची आहे. आपल्या घरांतली काही मुले-मुली आता गिटार चांगली वाजवतात. त्यांच्याकडे वहीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा डबा असतो. दुकानात त्याला प्रोसेसर म्हणतात, जाणकार मॉडेलर म्हणतात. घरी हेडफोन लावून तो फार गोड वाजतो. मांडवात आणला की तोच आवाज एकदा कर्कश होतो, एकदा गुदमरतो. मुले म्हणतात, आम्हाला गिटारचा वेगळा ॲम्प्लिफायर हवा. वडीलधारी म्हणतात, भजनाला बॉक्स आहेत, त्यांतच वाजवा. दोन्ही बाजूंत थोडे-थोडे तथ्य आहे. ते कळायला आधी हे यंत्र काय करते, ते पाहावे लागेल.

विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारेची थरथर चुंबकाच्या पिकअपमध्ये विजेचा बारीक प्रवाह होते, तो ॲम्प्लिफायरमध्ये वाढतो आणि स्पीकरमधून बाहेर पडतो. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसा या गिटारला तो ॲम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर. भोपळा काढला तर तंबोरा उरत नाही, तसेच इथे. गिटारचा पारंपरिक स्पीकर म्हणजे दहा किंवा बारा इंचांचा कागदी कोन. त्याला बारीक आवाजाचा वेगळा ट्वीटर नसतो. साधारण ५००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने खाली येतो. ही उणीव वाटेल, पण गिटारचा आवाज मुद्दाम फाडला, ज्याला मुले डिस्टॉर्शन म्हणतात, की वरच्या पट्टीत पुष्कळ किरकिर तयार होते. कागदी कोन ती किरकिर गाळून टाकतो. म्हणजे तो स्पीकर चहाच्या गाळणीचे काम करतो.

आता हा मॉडेलर. १९९० च्या दशकात संगणकाच्या चिपा स्वस्त आणि वेगवान झाल्या, तेव्हा जुन्या नामवंत ॲम्प्लिफायरांचे वागणे गणिताने उभे करायची कल्पना पुढे आली. रोलँडचा व्हीजी-८ १९९५ साली आला. लाइन सिक्सचा लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्याच्या घाटाचा पॉड १९९८ साली आला आणि जगभर घराघरांत गेला. पुढे फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स, केंपरचा प्रोफायलर, लाइन सिक्सचा हेलिक्स असे मोठे डबे आले, आणि बॉस, झूम यांचे विद्यार्थ्यांना परवडणारेही आले.

आजच्या चर्चेची किल्ली एका गोष्टीत आहे. हा डबा ॲम्प्लिफायरची नक्कल करतो, तशीच स्पीकरची आणि त्याच्या समोर ठेवलेल्या माइकचीही करतो. एखाद्या खऱ्या कॅबिनेटमधून आवाज कसा बदलून येतो त्याचा ठसा मोजून साठवलेला असतो. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. गिटारचा सूर त्या ठशातून गाळून डबा बाहेर देतो. म्हणजे डब्यातून निघालेला आवाज हा स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या गिटारसारखा, शिजून तयार झालेला आवाज असतो.

आता तो तयार आवाज गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये सोडला तर काय होईल? एकदा गाळलेला चहा दुसऱ्यांदा फडक्यातून गाळल्यासारखे होईल. डब्यातली गाळणी एक, कागदी कोनाची दुसरी. आवाज गुदमरतो, मऊ पडतो, शब्द तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखा होतो. उलट, डब्यातली स्पीकरची नक्कल बंद ठेवून आवाज भजनाच्या बॉक्समध्ये सोडला तर एकही गाळणी उरत नाही, आणि गांधीलमाशी कानाशी फिरावी तशी किरकिर बाहेर पडते. मुलांच्या दोन्ही तक्रारींचे मूळ इथे आहे. वादनात दोष नाही आणि डब्यातही नाही. गाळणी एकदाच लागली पाहिजे, एवढाच नियम आहे.

या नियमातून दोन रस्ते निघतात. पहिला : डब्यातली स्पीकरची नक्कल बंद करायची आणि खरा गिटारचा कॅबिनेट घ्यायचा. फक्त गिटार वाजवणाऱ्या माणसाला तो फार सुख देतो. पण त्यातून माणसाचा आवाज, पेटी, तबला नीट येत नाही, आणि डब्यातली दहा तऱ्हेची कॅबिनेटे वाया जातात. दुसरा : नक्कल चालू ठेवायची आणि पुढे असा स्पीकर घ्यायचा जो स्वतःचे काहीही मिसळणार नाही. खर्जापासून अगदी बारीक आवाजापर्यंत पूर्ण पल्ला सांगेल, आणि कुठलाही भाग फुगवणार किंवा दाबणार नाही. इंग्रजीत याला फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स म्हणतात, आणि कंपन्या थोडक्यात एफआरएफआर लिहितात. आत ॲम्प्लिफायर बसवलेला असला की तो पॉवर्ड. आम्ही त्याला आपल्या बोलीत "खरे बोलणारा बॉक्स" म्हणतो.

समितीची शिफारस दुसऱ्या रस्त्याची आहे, आणि तिचे मुख्य कारण गिटार नाही. जो बॉक्स स्वतःचे काही मिसळत नाही तो गिटारला जितका उपयोगी, तितकाच भजनाला, अथर्वशीर्षाच्या सामूहिक पठणाला, पेटीला आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला उपयोगी. जवारीतली ती झिणझिण वरच्या स्वरांशांत असते. गिटारच्या कागदी कोनात ती मरते, पूर्ण पल्ल्याच्या बॉक्समध्ये जिवंत राहते. म्हणजे मुलांसाठी घेतलेली वस्तू वर्षभर सगळ्यांची होते. वर्गणीचा रुपया असा लागावा.

आता निवड कशी करायची ते सांगतो. घरच्या मुलांसाठी स्वतंत्र बॉक्स घेणाऱ्या पालकांनाही हेच उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, वॅट पाहून भुलू नये. खोक्यावर १०००, २००० असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. ते बहुधा क्षणभराच्या शिखराचे असतात. सतत चालणारी शक्ती त्याहून बरीच कमी असते, म्हणून माहितीपत्रकात सतत शक्तीचा आकडा वेगळा शोधावा. शिवाय वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. ५०० च्या जागी १००० वॅट घेऊन पैसे बरेच जास्त जातात आणि कानाला फरक थोडाच जाणवतो. वॅटपेक्षा एक मीटरवर बॉक्स जास्तीत जास्त किती डेसिबल देतो तो आकडा पाहावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर १०० असेल तर चार मीटरवर ८८, सोळा मीटरवर ७६. आपल्या मांडवाची लांबी पावलांनी मोजा, हिशेब घरीच होईल.

दुसरी गोष्ट, आकार. गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. तिच्यासाठी पंधरा इंची स्पीकर लागत नाही. घरच्या सरावाला आठ इंच पुरतो, छोट्या मंचाला दहा. पण आपल्याला त्याच बॉक्समधून तबल्याचा डग्गा, ढोलकीची धूम आणि कधी बेस गिटारही काढायची आहे, म्हणून समितीचा कल बारा इंचांकडे आहे. वजन जरूर पाहा. हल्लीच्या क्लास डी ॲम्प्लिफायरमुळे बारा इंची बॉक्सही एका माणसाला उचलता येतो. उत्सवात तो गच्चीवरून मांडवात आणि मांडवातून देवळात रोज जाणार आहे.

तिसरी गोष्ट, आवाज किती रुंद पसरतो. माहितीपत्रकात ९० अंश गुणिले ६० अंश असे लिहिलेले असते. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. समोर बसलेल्याला सगळे ऐकू येते आणि कडेला बसलेल्या आज्जींना फक्त धडधड ऐकू येते, असे होऊ नये. दुकानात बॉक्स चालू ठेवून बाजूला चालत जा. आवाज हळूहळू उतरला तर ठीक. एकदम पडदा ओढल्यासारखा बंद झाला तर तो बॉक्स सोडा.

चौथी गोष्ट, रंग चढवणारी बटणे. पुष्कळ बॉक्सांवर आवाज आकर्षक करायचे एक बटण असते, खर्ज आणि बारीक दोन्ही फुगवणारे. दुकानदार ते चालू ठेवूनच ऐकवतो. ते बंद करून, बेस आणि ट्रेबल मध्यावर ठेवून ऐका. काही बॉक्स मुद्दाम गिटार स्पीकरसारखा रंग देण्यासाठीच बनवलेले असतात. लाइन सिक्सचा पॉवरकॅब त्यातलाच. त्यात सपाट आवाजाचीही सोय आहे, पण ज्या गुणासाठी जास्त पैसे जातात तो भजनाच्या कामाचा नाही. एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याने जरूर घ्यावा, मंडळाने घेऊ नये.

पाचवी गोष्ट, जोडण्या. डब्याचा आवाज लाइन पातळीचा असतो, म्हणून बॉक्सच्या मागे माइकचा नव्हे तर लाइनचा खटका निवडायचा. दोन्हींकडे तीन पिनांची बॅलन्स्ड जोडणी असेल तर लांब वायरवरही गुणगुण येत नाही. किमान दोन इनपुट हवेत, एक गिटारला, एक माइकला. आणि पुढे मिक्सरला आवाज देणारे एक आउटपुट हवे. आपल्याकडे कर्ण्यांसाठी वापरतात त्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून १०० व्होल्ट लाइन निघते. ती किंवा कुठल्याही ॲम्प्लिफायरची स्पीकरकडे जाणारी वायर पॉवर्ड बॉक्सच्या इनपुटला कधीही लावायची नाही. बॉक्स तिथेच जळेल.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, परीक्षा. दुकानातल्या गिटारवर आणि दुकानातल्या गाण्यावर परीक्षा करू नका. आपली गिटार, आपला डबा, आपले चांगले हेडफोन बरोबर न्या. एकच आवाज आधी हेडफोनवर ऐका, मग बॉक्सवर. स्वभाव तोच राहिला पाहिजे. मग माइक लावून ओळखीच्या माणसाला बोलायला सांगा. घरातल्या माणसाचा आवाज आपण डोळे मिटून ओळखतो, त्यामुळे यंत्राची लबाडी तिथे चटकन उघडी पडते. त्या आवाजाला सर्दी झाल्यासारखे वाटले, किंवा तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला, तर तो बॉक्स खरे बोलत नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की खरेदीला दोन मुलांबरोबर भजनातल्या एक काकू आणि पेटीवाले एक काका जावेत. पेटीचा एक स्वर धरून ठेवला की बॉक्समध्ये कुठे काय थरथरते ते लगेच कळते.

आणि परीक्षा मोठ्या आवाजात करा. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज आणि बारीक स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. रात्री घरी हळू आवाजात बसवलेला सूर मांडवात मोठा केला की खर्ज घुमतो आणि बारीक टोचतो, त्याचे कारण हेच. मुलांनो, आपला सूर मंचावरच्या आवाजात, तालमीच्या वेळी पुन्हा बसवून घ्या. शिवाय एक अपेक्षा आधीच नीट करून घ्या. हा बॉक्स खोलीत गरजणाऱ्या ॲम्प्लिफायरसारखा वाटणार नाही. तो ध्वनिमुद्रणात ऐकू येणाऱ्या गिटारसारखा वाटेल. डबा देतो तेच तो सांगतो.

आता ज्येष्ठांच्या मनातल्या धास्तीबद्दल. गिटार आली म्हणजे दणदणाट आला, असे अनेकांना वाटते. कायदा आपण सर्वांनी लक्षात ठेवायला हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सणांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तीही जाहीर केली तरच. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते.

इथे हा डबा आणि हा बॉक्स आपल्याला मदतच करतात. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला गोडवा यायला तो मोठ्याने वाजवावा लागे. मॉडेलरमध्ये तो गोडवा आतच तयार होतो, आवाजाची चावी वेगळी राहते. फक्त बॉक्स ठेवायची जागा चुकवू नका. बॉक्स जमिनीवर सरळ ठेवला की बारीक आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू जातो, कानाला नाही. मग तो आवाज वाढवतो, आणि समोरच्या रांगेला त्रास होतो. बॉक्स तिरका करून कानाकडे रोखा किंवा स्टँडवर चढवा, तो भिंतीच्या कोपऱ्यापासून दूर ठेवा म्हणजे खर्ज घुमणार नाही, आणि माइक नेहमी बॉक्सच्या मागच्या बाजूला ठेवा म्हणजे शिट्टी मारणार नाही. एवढ्याने आवाज बराच खाली आणता येतो. आणि कानांची काळजी मुलांनीच सर्वांत जास्त घ्यायची आहे. ८५ डेसिबलवर आठ तास हा सुरक्षिततेचा प्रचलित मापदंड आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलवर पाऊण तासही नाही, जेमतेम पंधरा मिनिटे. गेलेले ऐकणे परत येत नाही.

भाद्रपदातला आपल्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. म्हणून विजेबद्दल हात जोडून सांगतो. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढायची किंवा मोडायची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ओल्या मांडवात, हातात तारांची गिटार आणि ओठांशी लोखंडी जाळीचा माइक असताना ती जिवावर बेतू शकते. गुणगुण घालवायची असेल तर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका वापरावा. तो आवाजाच्या वायरीतला अर्थ तोडतो, विजेच्या प्लगमधला नाही. मंचासाठी ईएलसीबी बसवलेला स्वतंत्र बोर्ड घ्यावा, असा आमचा ठराव आहे. स्पीकरच्या रकमेत तोही धरला आहे. पैसे कमी पडले तर बॉक्स दहा इंची घेऊ, पण बोर्ड वगळणार नाही. तसेच खरेदी पक्क्या बिलाने करू, आणि दुरुस्तीची सोय बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत आहे ना, हे विचारूनच करू.

शेवटी, एका काकांनी मनापासून विचारलेला प्रश्न. "हे परकं वाद्य बाप्पापुढे कशाला?" याचे उत्तर आपल्या भजनाच्या मध्यभागी बसलेले आहे. पेटी हेदेखील एकोणिसाव्या शतकातले युरोपचे वाद्य. तिला मींड येत नाही, तिचे स्वर परके, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. त्या काळात पेटी टिकली ती गावोगावच्या भजनांत, नाटकांत आणि शिकवण्यांत. आपल्याच बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी उभे आयुष्य या वाद्याला दिले आणि कितीतरी शिष्य घडवले. आज पेटीला परकी कोण म्हणेल? कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथून जवळच सुळेभावीला झाला. सुरांच्या बाबतीत हा मुलूख कधीच कद्रू नव्हता. राणी चन्नम्मांच्या या जन्मगावी एका गल्लीत मराठी भजन आणि शेजारच्या गल्लीत कन्नड पद ऐकत आपली मुले मोठी झाली आहेत. त्यांना गिटारवर आरतीची चाल बसवावीशी वाटते, ही आनंदाची गोष्ट आहे.

आम्हाला काळजी वेगळीच वाटते. मुलांना मंचावर जागा मिळाली नाही तर ती हेडफोन लावून आपापल्या खोलीत बसतील, आणि मांडवात भाड्याने आणलेली गाणी वाजतील. गाणारी-वाजवणारी घरे ही मंडळाची खरी पुंजी आहे. ती एका पिढीत आटते. कोणी ठरवून आटवत नाही, जागा मिळत नाही म्हणून आटते.

तेव्हा समितीची विनंती अशी. बारा इंची, पूर्ण पल्ल्याचा, सपाट आवाजाचा एक पॉवर्ड बॉक्स घ्यावा. तो मंडळाच्या नावावर राहील. वापराची वही ठेवली जाईल. गुरुवारचे भजन पहिले, मुलांची तालीम नंतर, रात्री दहाला बंद. मुलांनी वायरी गुंडाळून ठेवायच्या, बॉक्सवर कापड घालायचे आणि भजनाच्या दिवशी तानपुरा व माइक लावून द्यायचे. हे त्यांनी आनंदाने कबूल केले आहे. त्या बदल्यात उत्सवाच्या एका संध्याकाळी अर्धा तास त्यांचा. त्या अर्ध्या तासात ज्येष्ठांनी पहिल्या रांगेत बसावे. आवाज जास्त वाटला तर हात वर करावा, कमी केला जाईल. सूर आवडला तर मान डोलवावी, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

शंका असतील त्या आता विचाराव्यात, मग ठराव मांडू.

गणपती बाप्पा मोरया!